कादंबरीत आपण कुठे असतो?

ऐतिहासिक कादंबरी हातात घेतली की पहिल्या पन्नास पानांतच वाचक एका छावणीत जाऊन बसतो. लेखकच त्याला हाताला धरून तिथे नेतो. घोड्यांच्या टापा, मशाली, तिन्हीसांजेला बंद होणारे गडाचे दरवाजे, या सगळ्यांत आपण कधी सामील झालो ते कळतही नाही. मीही अशीच सामील होत आले आहे. पण मराठी मुसलमान वाचकाच्या वाट्याला एक जास्तीची गोष्ट येते. थोडी पानं पुढे गेली की शत्रू येतो आणि त्याचं नाव नेमकं आपल्या मामाचं किंवा चुलत्याचं निघतं.

मग करायचं काय? पुस्तक मिटून ठेवायचं, छावणी बदलायची, की आपलं नाव दाराबाहेर ठेवून आत वाचत बसायचं? गेली वीसेक वर्षं मी ऐतिहासिक कादंबऱ्या आणि अद्भुतकथा आलटून पालटून वाचते आहे. हा प्रश्न दोन्हीकडे भेटतो. तुमच्यापैकी वाचणाऱ्यांनाही तो भेटला असेल, म्हणून त्याबद्दल मोकळेपणाने लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या कादंबऱ्या माझ्या आहेत. तालुक्याच्या वाचनालयात अब्बांच्या नावावर खातं होतं आणि एका वेळी दोन पुस्तकं मिळायची. अब्बा शिलाईकाम करायचे. त्यांना स्वतःला वाचायला वेळ नसायचा, पण वर्गणी त्यांनी कधी चुकवली नाही. रणजित देसाईंची 'स्वामी' मी नववीत वाचली आणि थेऊरच्या प्रसंगाला ढसाढसा रडले. विश्वास पाटलांची 'पानिपत' दहावीच्या सुट्टीत तीन दिवसांत संपवली. शेवटची पानं वाचताना अम्मी जेवायला हाका मारत होती आणि माझ्या घशाखाली घास उतरण्यासारखा नव्हता. घरात आम्ही दखनी बोलतो. माझं लिहिण्याचं मराठी बरंचसं या पुस्तकांनी घडवलं. ही भाषा तुमची नाही असं कोणी सुचवलं की मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव सांगते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या सूफी संतकवीने 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. मराठीत आपण पाहुणे नाही.

तरीही घरच्या माणसाला घरातच खटकणाऱ्या गोष्टी असतात.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात अफजलखानवधाचं नाटक ठरलेलं असायचं. खानाचं काम कोणाला द्यायचं यावर कधी चर्चा होत नसे. वर्गात मुसलमान मुलगा असला की प्रश्न मिटला. माझ्या चुलत भावाने ते काम सलग दोन वर्षं केलं. लोकरीची दाढी आणि सगळ्यांत मोठी तलवार मिळते म्हणून तो खूशही होता. तिसऱ्या वर्षी त्याने जिवा महाला मागितला. सर हसले आणि म्हणाले, तुला खान शोभतो. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण एक गोष्ट त्या दिवशी आमच्या दोघांच्याही लक्षात आली. गोष्टीतली जागा गुणावर ठरत नव्हती, हजेरीपटावरच्या नावावर ठरत होती.

लहानपणी अशा गोष्टी हसण्यावारी जातात. मोठेपणी जात नाहीत. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ सालची. २०२५ मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला. त्यानंतरच्या आठवड्यांत औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वातावरण तापलं आणि मार्चमध्ये नागपुरात हिंसाचार झाला. त्याआधी, जून २०२३ मध्ये, मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं होतं. दोष एका कादंबरीच्या किंवा एका चित्रपटाच्या माथी मारणं सोपं आहे, ते मी करणार नाही. पण कॉलेजच्या कट्ट्यावर 'तुमचा औरंगजेब' हे दोन शब्द कानावर आले की कळतं, कादंबरीतली छावणी पुस्तकातून उतरून रस्त्यावर आली आहे. म्हणून कादंबरीत आपण कुठे असतो हा प्रश्न फक्त साहित्याचा राहत नाही.

मराठी ऐतिहासिक कादंबरीत मुसलमानाला साधारणपणे दोन खोल्या मिळतात. पहिली खलनायकाची. दुसरी इमानदाराची. दुसऱ्या खोलीतला सगळ्यांत उंच माणूस म्हणजे इब्राहिमखान गारदी. फ्रेंच पद्धतीने तयार झालेलं पायदळ आणि तोफखाना घेऊन तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. 'पानिपत' वाचताना त्याच्यासाठी माझा जीव तुटला. आजही तुटतो. पण काही वर्षांनी एक गोष्ट लक्षात आली. एखाद्या भाषणात आपल्याविषयी चांगलं बोलायचं असलं की गारदीचं नाव येतं आणि त्या पाठोपाठ एक न बोललेली अट येते: असे असाल तर आमचे. बाकीच्या पात्रांना भित्रं असायची, भांडायची, प्रेमात पडायची, चुका करायची मुभा आहे. आपल्या पात्राने मात्र एकतर गद्दारी करायची किंवा प्राण द्यायचे. मधली जागा नाही.

या दोन खोल्यांना कंटाळून मी अद्भुतकथांकडे वळले. वाटलं, तिथे ना दिल्ली ना विजापूर, ना धर्म ना जात. कपाटाच्या दारातून पलीकडच्या देशात जायचं आणि बोलणाऱ्या सिंहाला भेटायचं. सी. एस. लुईस यांच्या नार्नियामालेत मी अशी रमले होते. मग 'द हॉर्स अँड हिज बॉय' हे १९५४ सालचं पुस्तक हाती आलं. नार्नियाच्या दक्षिणेला वाळवंटापलीकडे कॅलोर्मेन नावाचा देश आहे. तिथली माणसं सावळी, दाढीवाली, पगडी घालणारी, वाकड्या तलवारीची आणि क्रूर. त्यांचा देव ताश गिधाडाच्या डोक्याचा आणि चार हातांचा. दाढी आणि तलवार आमच्याकडची, चार हात शेजाऱ्यांकडचे! पूर्वेकडची सगळी माणसं लेखकाला एकाच गाठोड्यात बांधता आली, याचं मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कपाटातून पलीकडे गेले, तरी खान माझ्या आधीच तिथे पोचला होता.

त्या पुस्तकात आराविस नावाची एक कॅलोर्मेनी मुलगी आहे. म्हाताऱ्या सरदाराशी ठरवलेलं लग्न मोडून ती घोड्यावरून पळून जाते. चौदाव्या वर्षी मला तीच व्हायचं होतं. पण तिला मोकळं व्हायचं तर आपला देश कायमचा मागे टाकावा लागतो. तिच्या शहरात तिच्यासारख्या आणखी मुली असतील, त्या तिथेच राहून भांडत असतील, ही शक्यता गोष्टीत नाही. मालेच्या शेवटच्या भागात एमेथ नावाचा एक सच्चा कॅलोर्मेनी शिपाई येतो. तो आयुष्यभर ताशला भजतो, तरी सिंह त्याला आपला म्हणतो, कारण त्याची सत्कर्मं सिंहाच्याच खात्यावर जमा झालेली असतात. अनेकांना हा प्रसंग उदार वाटतो, आणि लुईस यांच्या मनात उदारपणाच असावा. मला तिथे गारदी आठवला. तेच दुसऱ्या खोलीचं दार. आत यायची परवानगी आहे, पण अपवाद म्हणून.

टॉल्किन यांच्या मोठ्या कादंबरीतही दक्षिणेकडची माणसं हत्तीसारखी प्रचंड जनावरं घेऊन शत्रूच्या बाजूने लढायला येतात. पण तिथे एक छोटा प्रसंग आहे. सॅम हा साधा माळी दक्षिणेकडच्या एका शिपायाचं प्रेत अगदी जवळून पाहतो. त्याच्या मनात येतं, याचं नाव काय असेल, हा मनाने खरंच दुष्ट होता का, की कोणी खोटं सांगून, धमकावून याला घरापासून इतक्या दूर आणलं? प्रसंग संपतो आणि लढाई पुढे सरकते. हजारेक पानांच्या कादंबरीत हे एवढंसंच आहे, पण तिथे मला पहिल्यांदा वाटलं की लेखकाने क्षणभर का होईना, छावणीचं कापड बाजूला सारलं.

ते कापड पूर्ण बाजूला सारणारी लेखिका पुढे भेटली. अर्सुला ली ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या १९६८ सालच्या कादंबरीचा नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे आणि लुटायला येणारे गोरे आहेत. लेखिकेने याचा गाजावाजा केलेला नाही. पानं उलटता उलटता ते जाता जाता कळतं. पुढे २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर ही गोष्ट आली तेव्हा गेड गोरा झाला आणि ली ग्विन यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. पण मला या पुस्तकात वर्णापेक्षाही एक गोष्ट मोठी वाटली. गेडचा शत्रू कुठल्या देशातून आलेला नाही. तो त्याच्या स्वतःच्या गर्वातून जन्मलेली सावली आहे. परक्या माणसांची एक अख्खी जमात वाईट ठरवल्याशिवाय थरारक गोष्ट लिहिता येते, याचा हा पुरावा आहे.

आता आपल्या घरातलं कपाटही उघडू. दादीमा आम्हाला अमीर हमजाची दास्तान दखनीत सांगायची. अमर अय्यार आणि त्याची जंबील, म्हणजे अख्खं जग मावेल अशी झोळी, हे आमचं हॅरी पॉटर. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्मे होशरुबा'चे खंड काढले. मुसलमान दास्तानगोंची दास्तान हिंदू प्रकाशकाने छापली आणि दोन्ही समाजांनी मिटक्या मारत वाचली. देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'तले अय्यार याच झोळीतून निघाले. मराठीतही अद्भुताची गोडी या वाटेने आली. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हा इथल्या वाचकाला बगदाद परकं वाटलं नाही.

पण कौतुकाबरोबर खरंही बोललं पाहिजे. होशरुबाच्या पहिल्या भागाचं मुशर्रफ अली फारूकी यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर मी वाचलं. अमरच्या लबाड्यांना पोट धरून हसले. तरी जादूगारांची छावणी कोणाची, हे लपून राहत नाही. हरलेला दीन स्वीकारतो किंवा मरतो. एखादा हिंदू मुलगा हे वाचत असेल तर त्याला साठाव्या पानावर तेच वाटेल जे मला खानाच्या पानावर वाटतं. नार्नियाबद्दल तक्रार करायची आणि होशरुबाकडे काणाडोळा करायचा, हे चालणार नाही.

यावर एक जुना उपाय आहे: त्यांनी त्यांची छावणी लिहिली, आपण आपली लिहू. सर वॉल्टर स्कॉट यांची 'द टॅलिस्मन' ही १८२५ सालची, धर्मयुद्धांवरची कादंबरी. तिच्यातलं मुसलमानांचं चित्रण लखनौचे अब्दुल हलीम शरर यांना झोंबलं. उत्तर म्हणून त्यांनी १८८८ मध्ये 'मलिकुल अजीज वर्जिना' लिहिली आणि उर्दूत ऐतिहासिक कादंबरीची लाट आणली. पुढे नसीम हिजाजी यांनी ती लाट शिगेला नेली. मोहल्ल्यातल्या एका चाचांकडे त्यांच्या कादंबऱ्यांचा संच होता. मी दोन वाचल्या. वेग जबरदस्त, नायक निष्कलंक, शत्रू काळाकुट्ट. गंमत पाहा, मराठी ऐतिहासिक कादंबरीवरही स्कॉटच्या वळणाचा प्रभाव आहेच. म्हणजे एकमेकांकडे पाठ करून बसलेली ही दोन भावंडं एकाच घरातली. हिजाजी वाचून अंगावर रोमांच उभे राहिले, आणि पुस्तक ठेवल्यावर जाणवलं की आता फक्त तलवारीचं टोक उलटं फिरलं आहे. नाटक तेच, लोकरीची दाढी तेवढी दुसऱ्या मुलाच्या तोंडावर. असं उत्तर मला नको आहे.

मग कादंबरी नेमकी कशासाठी असते? ते मला दोन मराठी पुस्तकांनीच शिकवलं. पहिलं 'मृत्युंजय'. कर्णाला रंगभूमीवर कुळ विचारलं जातं तिथे मी थबकले. घर भाड्याने शोधताना 'नाव काय तुमचं' या प्रश्नानंतर जी शांतता पसरते, ती मला माहीत आहे. महाभारतातला सूतपुत्र एका शिंप्याच्या मुसलमान मुलीला आपला वाटला आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. दुसरं पुस्तक ना. सं. इनामदारांचं 'शहेनशहा'. एका मराठी लेखकाने पन्नासएक वर्षांपूर्वी औरंगजेबाला मध्यभागी ठेवून कादंबरी लिहिली. ती वाचून मला औरंगजेब आवडू लागला नाही, आणि आवडायची गरजही नव्हती. पण सत्तेपायी भावांना संपवणारा आणि म्हातारपणी दख्खनमध्ये अडकून पडलेला तो माणूस मला दिसला. माणूस दिसला की तो 'तुमचा' किंवा 'आमचा' राहत नाही, फक्त एक इशारा राहतो. कादंबरीचं काम हेच आहे. ती आपल्याला दुसऱ्याच्या कातडीत शिरवते.

इतिहासाची नोंद तर कादंबरीपेक्षाही गुंतागुंतीची आहे. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. पुरंदरला आलेल्या मोगली फौजेचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता. पन्हाळ्याचा वेढा मोडायला स्वराज्याकडून नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल गेला आणि आरमारात दौलतखान होता. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि शरीफजी मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि शरीफजी तिथेच पडले. दख्खनमधल्या मोगल मोहिमांचा वृत्तान्त लिहिणारा भीमसेन सक्सेना मोगलांच्या चाकरीत होता. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली म्हणून असं बरंच काही आपल्याला आपल्या भाषेत वाचता येतं. कादंबरी आवडली की तिच्या शेजारी असं एखादं पुस्तक ठेवावं. दोन्हींची गोडी वाढते.

पण माझं मुख्य म्हणणं राजे आणि सरदारांबद्दल नाही. आपली आडनावं बघा. शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. नालबंद, घोड्यांना नाल ठोकणारे. पखाली, कातडी पखालीतून पाणी वाहणारे. बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. अत्तार, तांबोळी, बागवान, मणेर, पिंजारी, मुजावर. आणि गावगाड्यातले बलुतेदार मुलाणी, जे आमच्याही घराण्याचं काम होतं. ज्या फौजा आणि ज्या गावांवर या कादंबऱ्या उभ्या आहेत, तिथलीच ही कामं आहेत. नायकाच्या तलवारीला कोणी तरी धार लावली होती. त्याच्या घोड्याची नाल रात्रीतून कोणी तरी बदलली होती. पानिपताकडे निघालेल्या त्या प्रचंड बाजारबुणग्यांत पाण्याची पखाल पाठीवर घेतलेलं कोणी तरी होतं, आणि त्याचं घर सातारा किंवा सोलापूरकडेच कुठे तरी होतं.

ती माणसं खलनायक नव्हती आणि इमानदारीचं प्रमाणपत्रही त्यांना कोणी मागितलं नव्हतं. ती फक्त होती. रोजा, पीक, कर्ज, लेकीचं लग्न आणि फौज गावावरून गेल्यावर उरलेला कडबा, हेच त्यांच्या चिंतेचे विषय. कादंबरीत आपण कुठे असतो, याचं माझं उत्तर हे आहे: आपण तिथे आधीपासूनच आहोत, दोन्ही तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत, काम करत. लेखकाची नजर तिकडे वळलेली नाही, एवढंच.

ती वळवायची कशी? पुस्तकांवर बंदी मागून नाही. फेसबुकवर नायकांची मोजदाद करूनही नाही. लिहून. तुमच्यापैकी कोणाला तरी शिकलगाराच्या मुलीची गोष्ट लिहायची आहे, हे मला पक्कं माहीत आहे. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, दखनीत लिहा. गड लिहा, जादू लिहा, जंबील लिहा. आजी-आजोबांना विचारा, आडनावाचं काम कुठे चालायचं, कोणासाठी चालायचं. जत्रा कोणती, पीर कोणता, पाटील कोण. ते लिहून काढताना फक्त एक पथ्य पाळा. तुमच्या गोष्टीत शत्रू येईल तेव्हा सॅमसारखं क्षणभर थांबा आणि त्याचं नाव काय, तो घरून कशाला निघाला होता, हे स्वतःला विचारा. तुमचं पुस्तक वाचणारा शेजारचा मुलगा त्या पानावर पुस्तक मिटणार नाही.